वरचं दूध सुरू करा म्हणालेत, त्याआधी लॅक्टेशन कन्सल्टंटला दाखवू का?

सई_सांगली
नमस्कार, घाईत लिहितेय, बाळ आत्ताच झोपलंय. पहिलं बाळंतपण, सिझर झालं, माहेरी सांगलीला आहे. मुलगी झाली, जन्माचं वजन २.९ किलो होतं, काल बाराव्या दिवशी दाखवायला नेलं तर २.७ भरलं. डॉक्टर म्हणाले एव्हाना जन्माचं वजन परत यायला हवं होतं, वरचं दूध सुरू करा, आणि पावडर लिहून दिली. विषय दोन मिनिटांत संपला. मी पाजते कशी हे कोणी बघितलंच नाही. हॉस्पिटलात पण सिस्टरनी बाळाचं डोकं धरून छातीला लावलं आणि पुढच्या कॉटकडे गेल्या. आता दोन्हीकडे चिरा पडल्यात, पाजायची वेळ झाली की पोटात गोळा येतो, ती पाच मिनिटं ओढते आणि झोपते, खाली ठेवली की परत रडते. आईचं आळीव, डिंकाचे लाडू, शतावरी सगळं चालूय. सासूबाईंचा रोज फोन, "दूध उतरलं का नीट?" मालिशवाल्या मावशी म्हणतात तुझं दूधच पातळ आहे. नवरा पुण्यात, त्याने एक लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे अंगावर पाजायला शिकवणारी बाई, शोधून काढलीय, व्हिडिओ कॉलचे पंधराशे घेते. आई म्हणते अंगावर पाजायचे पण पैसे द्यायचे का आता? कोणी घेतलाय का असा सल्ला, खरंच फरक पडतो का? फोनवर बघून कळतं का त्यांना? आणि एकदा वरचं दूध दिलं की बाळ अंगावरचं सोडतं म्हणतात ते खरंय का?

मध्यरात्रीची_आई
सई, अभिनंदन गं. आधी सांग चोवीस तासांत शूचे डायपर किंवा लंगोट किती होतायत आणि शीचा रंग काय आहे? आणि पाजून झाल्यावर निप्पल कसं दिसतं ते बघ, नव्या लिपस्टिकसारखं एका बाजूने तिरकं चेपलेलं बाहेर येत असेल तर लॅच, म्हणजे तिची तोंडात धरायची पद्धत, चुकतोय, ती नुसतं टोक चोखतेय. माझं सेम होतं आणि मला सगळ्यांनी सहन कर, सुरुवातीला दुखतंच असंच सांगितलं. थोडं हुळहुळतं हे खरंय पण रक्त येईपर्यंत दुखणं नॉर्मल नाही. मी पुण्यात एकीला घरी बोलावलं होतं, तिने मला हातसुद्धा न लावता आधी एक अख्खं फीड नुसतं बसून बघितलं, मग माझी पाठ टेकवली, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, मानेमागे हात धरायला सांगितला (डोक्यावर नाही, डोकं दाबलं की बाळ मागे रेटतं), नाक निप्पलसमोर, मोठ्ठा आ करेपर्यंत थांबायचं आणि मग हनुवटी आधी टेकवत पटकन जवळ घ्यायचं. खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे आणि काळा भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात पाहिजे. लिहायला सोपं आहे, करताना घाम फुटला होता. पण त्याच दिवशी पहिल्यांदा घुटुक घुटुक गिळताना ऐकू आलं. पैसे वसूल.

वंदनाताई
आमच्या वेळी हे कन्सल्टंट वगैरे काही नव्हतं तरी पोरं वाढलीच की. आळीवाची खीर, बाजरीची भाकरी, वर भरपूर तूप, पान्हा आपोआप फुटतो. हल्लीच्या मुली नेटवर वाचून वाचून घाबरतात. मन शांत ठेव, होईल सगळं.

वॉर्डातली_सिस्टर
मी मुंबईत प्रसूतीनंतरच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय म्हणून लिहिते, आणि वंदनाताई रागावू नका, पण तुमच्या वेळी सगळ्याच अंगावर पाजत होत्या असं नाहीये. पाणी घातलेलं गाईचं दूध आणि डब्याची पावडर तेव्हाही घराघरात होती. बायकांना जमत नव्हतं ते तेव्हाही नव्हतं, फक्त कोणी विचारत नव्हतं. ज्या घरात जाणती आजी किंवा सुईण शेजारी बसून पाजून घ्यायची तिथे जमायचं. आता तसं बसायला कोणी नाही म्हणून पैसे देऊन बोलवायची वेळ आली.

सई, तुझ्या डॉक्टरांची काळजी चुकीची नाही हे आधी लक्षात घे. पहिल्या तीनचार दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत, कधी दहापर्यंत उतरतं, ते चालतं, पण मग वाढायला लागून दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनावर यायला हवं आणि पुढे रोज साधारण २५-३० ग्रॅम वाढायला हवं. तुझी बाराव्या दिवशी २०० ग्रॅम मागे आहे, म्हणजे थांबून बघू म्हणण्यासारखं नाही, पण अंगावरचं बंद करण्यासारखं तर अजिबात नाही. दोन्ही गोष्टी एकदम कर. दर दोन-अडीच तासांनी पाज, रात्री पण, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, झोपली असेल तर कपडे सैल करून, तळपायाला चोळून उठव. ओढता ओढता झोपायला लागली की स्तन हाताने हलकं दाब, धार आली की परत ओढते. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर हाताने नाहीतर पंपाने दूध काढ आणि ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दे. त्याने भागत नसेल तेवढीच पावडर, डॉक्टर सांगतील तेवढी, उकळलेल्या पाण्यात, डब्यावर लिहिलेल्या मापाने. पुरवून वापरायची म्हणून पातळ करायची नाही. बाटली आत्ता नको, चोखायची पद्धत वेगळी असते, काही बाळं गोंधळतात. वरचं दिलं म्हणून बाळ अंगावरचं सोडत नाही. वरचं पाजून अंगावर घेणं आणि काढणं दोन्ही बंद केलं की दूध आटतं, कारण जेवढं निघतं तेवढंच बनतं. सगळी गोम तिथे आहे. आळीव खा, अंगाला चांगलं आहे, लोह असतं, पण दूध निघालंच नाही तर लाडू काय करणार. आणि पातळ दूध म्हणजे वाईट दूध असं काही नसतं, आधी पातळ येतं, स्तन रिकामं होत जातं तसं दाट होत जातं.

घुटी, मध, पाणी, ग्राइप वॉटर काहीही नको, सहा महिने पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब द्यायचे तेवढेच. आणि बाळ उठवून उठत नसेल, शू सहा-आठ तास झाली नसेल, लंगोटावर विटकरी डाग दिसत असतील, अंग गरम किंवा गार लागत असेल, पिवळेपणा वाढत असेल तर कन्सल्टंटच्या कॉलची वाट बघू नकोस, सरळ डॉक्टरांकडे.

सई_सांगली
सगळ्यांचे आभार, एका हाताने टाइप करतेय. शू दिवसभरात चार-पाच वेळा, शी पिवळी पण थोडी थोडी. निप्पल अगदी तसंच तिरकं चेपलेलं असतं, मला वाटायचं सगळ्यांचंच होतं. डावीकडचं थोडं आत ओढलेलं पण आहे, आधीपासूनच. हे कोणी विचारलंच नाही.

वॉर्डातली_सिस्टर
या वयात शू सहा तरी हवी, म्हणजे तिला कमी पडतंय, उद्या परत वजन करून घे आणि पुढे दर दोन-तीन दिवसांनी, त्याच काट्यावर, कपडे काढून. आत ओढलेल्या निप्पलनेही पाजता येतं कारण बाळ नुसतं निप्पल धरत नाही, काळ्या भागासकट धरतं. पाजायच्या आधी थोडं दूध काढून स्तन मऊ करून घे. मेडिकलवाला सिलिकॉनचं निप्पल शील्ड (निप्पलवर लावायची टोपी) देईल, पण कोणी बघितल्याशिवाय आणू नकोस, चुकीच्या मापाचं लावलं तर दूध अजून कमी निघतं. आणि जीभ खाली बांधलेली आहे का हेही बघून घ्या, रडताना जीभ वर उचलते का, बाहेर काढते का. चिरांवर पाजून झाल्यावर स्वतःचंच दूध लावून वाळू दे. साबण, डेटॉल काही नको.

मयूर_बाबा
नवऱ्यांसाठी लिहितो. आमच्या वेळी मला वाटायचं मी काय करणार यात, तर बरंच असतं. पंपाचे पार्ट धुणं उकळणं, वहीत पाजल्याची वेळ आणि शू-शी लिहिणं, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे बघायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत थोपवणं. तुमच्या मिस्टरांना पुण्यातून हे जमणार नाही पण रोज येणारा "दूध उतरलं का" फोन ते स्वतःच्या अंगावर घेऊ शकतात, आईला सांगा काय विचारायचं ते मला विचार. आणि इलेक्ट्रिक पंप लगेच विकत घेऊ नका, काही शहरांत भाड्याने मिळतो.

म्युनिकवाली
सई, तू वेडी नाहीयेस पैसे देऊन विचारतेस म्हणून. मी जर्मनीत आहे, इथे प्रत्येक बाळंतिणीला हेबामे म्हणजे सुईण घरी येते, पहिले दहा दिवस गरज असेल तर रोज, नंतरही बारा आठवड्यांपर्यंत, आणि खर्च आरोग्यविमा देतो. इथे कोणी त्याला थेरं म्हणत नाही. अर्थात सुईण मिळायची तर गरोदरपणातच शोधायला लागते, मला दोन रेषा दिसल्यावर नवऱ्याच्या आधी तिला मेल गेला असेल. आळीव मात्र माझ्या आईने बॅगेत भरून आणले होते ते खाल्लेच.

मध्यरात्रीची_आई
जर्मनी राहू दे, आपल्याकडे पण फुकट सोय आहे, कागदावर तरी. आशाताईंनी नवजात बाळाला घरी भेट द्यायची असते, हॉस्पिटलात बाळंतपण झालं असेल तरी, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. वजन करणं आणि पाजणं बघणं हे त्यात येतं. खेड्यात येतात, शहरात बंगल्या-फ्लॅटमध्ये त्यांना कोणी बोलवत नाही. सई, तुमच्या भागातल्या आशाताई कोण ते विचार, निदान काटा तरी घेऊन येतील. केंद्र सरकारने २०१६ साली 'माँ' नावाचा कार्यक्रम काढला तोही स्तनपानासाठीच होता, त्यात नर्स, आशाताईंना ट्रेनिंग द्यायचं होतं.

रात्रपाळी
ऑनलाइनबद्दल मी सांगते कारण मी तेच केलं, आम्ही रत्नागिरीत, जवळ कोणी नव्हतं. कॉल चालतो, पण दिवसा, खिडकीजवळ, मोबाइल दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिजे आणि बाळ भुकेलं पाहिजे पण रडून लाल झालेलं नको. ज्या बाई कॅमेरा बंद ठेवून नुसतं बोलतात आणि शेवटी दूध वाढायची पावडर विकतात त्यांच्यापासून लांब. आता कोणीही दोन दिवसांचा कोर्स करून इन्स्टावर लॅक्टेशन एक्सपर्ट लावतं. आयबीसीएलसी असं लिहिलेलं असेल तर ती आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, त्याआधी शिक्षण आणि प्रत्यक्ष आयांसोबत कामाचे तास भरावे लागतात आणि दर पाच वर्षांनी ते टिकवावं लागतं. ते नसलेल्याही चांगल्या असतात, माझी तर बीपीएनआय या स्तनपानासाठी काम करणाऱ्या संस्थेचं ट्रेनिंग घेतलेली रिटायर्ड नर्स होती. बाईने पूर्ण फीड बघितलं का, वजन विचारलं का, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवते का, एवढं बघितलं तरी पुरे. आणि फुकटात हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवाल्यांचे पाजण्याचे व्हिडिओ मराठीत आहेत, कुठे बोट ठेवायचं इथपर्यंत दाखवलंय. आईला आणि मावशींना पण बसवून दाखव, माझ्या आईला पटलं ते त्यातनंच.

एक अवांतर: हॉस्पिटलात किंवा दवाखान्यात कोणी पावडरचा फुकट डबा किंवा कंपनीचं गिफ्ट देत असेल तर ते कायद्याने चालत नाही, १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये अजून कडक केला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरची जाहिरातच करता येत नाही. बाळाला गरज असताना डॉक्टरांनी लिहून देणं वेगळं, त्यात काही चूक नाही.

वंदनाताई
सिस्टर, रागावले नाही. खरं सांगायचं तर माझ्या जावेला जमलं नव्हतं, डब्याचं दूध दिलं, आणि घरात सगळ्यांनी तिला वर्षभर ऐकवलं, मी पण ऐकवलं असेल. सई, आईला सांग पंधराशे म्हणजे बारशाच्या केटरिंगमधली दोन-चार ताटं.

सई_सांगली
अपडेट देते. कॉल घेतला, खिडकीत बसून, भावाने मोबाइल धरला, लाजायची वेळ गेली आता. बाईंनी आधी वजन-शू-शी सगळं विचारलं, मग अख्खं फीड बघितलं. बाळ खूप लांब धरत होते आणि टाक्यांमुळे मी पुढे वाकत होते. बाळाला काखेखालून धरायची पद्धत दाखवली, टाक्यांवर भार येत नाही. उजवीकडे आता दुखत नाही, डावीकडे अजून झगडा चालूय, तिथलं काढून बोंडल्याने देते. पावडर डॉक्टरांना विचारून दिवसातनं तीनदा, ती कमी कशी करायची ते वजन बघून ठरवू म्हणाल्या. शू सातवर आलीय, आजचं वजन २.७८. डॉक्टर म्हणाले चालू ठेवा. मावशींना व्हिडिओ दाखवला, त्या म्हणाल्या हे तर आम्ही करायचोच. बरं!
एक शंका, काल डावीकडे गाठ आलीय, थोडी लाल, ताप नाही. मावशी गरम शेक देऊन जोरात चोळू म्हणतायत.

वॉर्डातली_सिस्टर
जोरात चोळू देऊ नकोस, आतून सूज वाढते. पाजत राहा, त्या बाजूने पण, नेहमीइतकंच, मुद्दाम जास्त पंप करून रिकामं करायला जाऊ नकोस. पाजून झाल्यावर कापडात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धर, ब्रा सैल घाल. ताप, थंडी वाजली किंवा उद्यापर्यंत लाली पसरली तर डॉक्टरांना दाखव, अँटिबायोटिक लागलं तरी पाजता येतील अशी मिळतात, पाजतेय हे त्यांना सांग म्हणजे झालं.

नवीन_मेंबर_लातूर
मधेच विचारते, माझ्या बहिणीचं बाळ साडेसातव्या महिन्यात झालंय, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, तिला अजून पाजता येत नाहीये तर तिचं दूध आटेल का? इथे कोणाला विचारायचं?

वॉर्डातली_सिस्टर
आजपासूनच काढायला सांगा, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी, सुरुवातीला चमचाभर चीक आला तरी तो एनआयसीयूत नेऊन द्या, त्या बाळांना तो औषधासारखाच आहे. तिथल्या सिस्टरना विचारा दूध कशात आणायचं, आणि कांगारू म्हणजे बाळ उघड्या छातीवर धरायला कधी देणार. तिचं कमी पडलं तर दुग्धपेढी, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं ती सोय, आहे का हेही विचारा, मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. आता बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत असते. नवीन धागा काढा आणि बाळाचं वजन लिहा, तिकडे सविस्तर बोलू.