व्हायरल लोड आटोक्यात असताना मुलांना कोट्रायमॉक्साझोल का चालू ठेवायचे?

वैशाखी (प्रश्न) :
मी परिचर्या अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाला आहे. एचआयव्हीबाधित मुलांना न्युमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी रोज कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देतात, हे मला माहीत आहे. परंतु जे मूल एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) नियमित घेत आहे, ज्याच्या सीडी४ या प्रतिकारपेशी वाढल्या आहेत आणि ज्याचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आटोक्यात आहे, त्याला हे औषध पुढे देत राहण्यास आधार काय? रोजच्या प्रतिजैविकामुळे जिवाणूंमधला प्रतिरोध (औषधाला दाद न देण्याची क्षमता) वाढण्याची भीती नाही का?

निरंजन :
आपली शंका रास्त आहे. संशोधकांनाही हाच प्रश्न पडला होता. ‘ॲरो’ या चाचणीत युगांडा आणि झिंबाब्वेमधील ७५८ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले गेले. ही सर्व मुले तीन वर्षांहून मोठी होती आणि ९६ आठवड्यांहून अधिक काळ एआरटीवर होती. एका गटाचे कोट्रायमॉक्साझोल थांबवले, दुसऱ्याचे चालू ठेवले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध थांबवलेल्या गटात रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण सुमारे १९ टक्के, तर चालू ठेवलेल्या गटात सुमारे १३ टक्के आढळले. या फरकात मोठा वाटा दाखल होण्याचा होता, मृत्यू दोन्हीकडे मोजकेच होते. मुलांना दाखल करावे लागले ते मुख्यतः हिवताप, न्यूमोनिया, सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर होणारी गंभीर गुंतागुंत) आणि मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) यांमुळे. ज्या न्युमोसिस्टिससाठी हे औषध सुरू झाले, त्याचा या फरकाशी फारसा संबंध नव्हता, आणि माझ्या मते या चाचणीतली सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच आहे.

डॉ. मंदार :
प्रतिरोधाविषयी थोडी भर घालतो. झांबियातील ‘चॅप’ चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी तिथे मुलांना एआरटी सहज मिळत नव्हती, आणि अनेक जिवाणूंवर कोट्रायमॉक्साझोल निष्प्रभ ठरत असल्याने त्याचा उपयोग होईल का, याविषयी तज्ज्ञच साशंक होते. तरीही औषध घेणाऱ्या गटात २८ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात ४२ टक्के मुले दगावली. लाभ इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. प्रतिरोध असूनही असे का व्हावे, याचे एक संभाव्य उत्तर २०१९ मधील संशोधनातून मिळते. ॲरोमधल्याच मुलांच्या नमुन्यांत, औषध चालू असलेल्यांच्या शरीरातील दाह (इन्फ्लमेशन) कमी आढळला. आतड्यातील काही जिवाणूंवर आणि प्रतिकारपेशींवर होणारा परिणाम त्यामागे असावा. प्रतिरोधाची चिंता त्यामुळे संपत नाही, पण केवळ तेवढ्यावरून औषध थांबवणे समर्थनीय ठरत नाही.

वैशाखी :
मग हा निष्कर्ष सगळीकडे लागू होतो का? आणि ॲरोमध्ये कोण कोणत्या गटात आहे हे सर्वांना ठाऊक होते. त्याचा परिणाम झाला नसेल?

निरंजन :
चाचणी खुली होती, हे खरे. औषध बंद झालेल्या मुलाला डॉक्टर जरा लवकर दाखल करून घेतील, ही शक्यता राहतेच. पण रक्ततपासणीत सिद्ध होणारा हिवताप आणि चॅपमधील मृत्यू अशा समजुतीतून घडत नाहीत. प्रदेशाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. हिवताप किंवा गंभीर जिवाणूसंसर्ग जिथे सर्रास आढळतात, तिथे औषध चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. जिथे दोन्हींचे प्रमाण कमी आहे, तिथे पाच वर्षांवरील, प्रकृती स्थिर असलेल्या आणि एआरटीला चांगला प्रतिसाद देणाऱ्या मुलांमध्ये ते थांबवण्याचा विचार करता येतो.

डॉ. मंदार :
बाधित मातेच्या पोटी जन्मलेल्या, पण स्वतःला संसर्ग नसलेल्या बाळांना मात्र हे आकडे लावू नयेत. आईकडून आलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात, म्हणून त्यांचे निदान प्रतिपिंडांच्या तपासणीऐवजी पीसीआरने, म्हणजे थेट विषाणूचा शोध घेणाऱ्या तपासणीने करावे लागते, आणि संसर्ग नसल्याची खात्री होईपर्यंत त्यांनाही हे औषध देण्याची पद्धत आहे. बोट्स्वानात अशाच संसर्गमुक्त बाळांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, आणि १८ महिन्यांपर्यंतच्या जगण्यात औषधाने काहीही फरक पडलेला दिसला नाही.