आरेकिपा आणि कोल्का कॅन्यन, कोल्हापुरातनं कुणी जाऊन आलंय का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
नमस्कार मंडळी. मी आणि मावसभाऊ जूनमध्ये पेरूला चाललोय (फळ नव्हे, देश. आईला हे पटवण्यात अर्धा तास गेला). माचू पिचू वगैरे ठरलंय, पण मधले ५ दिवस आरेकिपा शहरासाठी मोकळे ठेवलेत, तिथनं कोल्का कॅन्यनमध्ये (खोल दरी आहे) उतरून ट्रेक करायचाय. पन्हाळा-पावनखिंड ३ वेळा झालाय, राजगड, कळसूबाई पण झालंय, त्यामुळं चालायची भीती नाही. २ दिवसांचा ट्रेक करावा की ३, गाईड लागतोच का, आणि मावसभाऊ शुद्ध शाकाहारी आहे त्याचं काय करायचं? बजेट बॅकपॅकरचं, डॉर्ममध्ये झोपायची तयारी आहे.

कळंब्याचा_गडी
भावा, पन्हाळा-पावनखिंड केलाय हे आधी डोक्यातनं काढ. राग मानू नको, मी पण असाच छाती काढून गेल्तो. आपल्या गडाला कसं, सकाळी दम असतोय तवा चढायचं आणि दमल्यावर उतरायचं. कोल्का म्हणजे उलटा गड हाय. पहिल्या दिवशी गप्पा हाणत खाली, आणि दुसऱ्या दिवशी पायाचं भरीत झालेलं असताना अख्खा चढ. दरीच्या काठावरचं काबानाकोंदे गाव साधारण ३३०० मीटरवर, खाली सांगायेचं ओअॅसिस २२०० च्या आसपास, म्हंजे ११०० मीटर सरळ वर यायचं. आणि कळसूबाईचं टोक १६४६ मीटर, म्हंजे तिथं तुम्ही पार तळाला गेलासा तरी कळसूबाईच्या वरच असताय, हवा पातळ ती वेगळीच.

उताराला सगळा मुरूम आणि बारीक खडी, पाय सरकत राहतोय. माझं बूट अर्धा नंबर बारकं होतं, अंगठं पुढं आपटून आपटून दोन्ही नखं काळी पडली, घरी आल्यावर त्यातलं एक गळालं. नखं कापून जा आणि बूट मोठं घे.

पहाटे साडेचारला टॉर्च लावून निघालो, वर बघितलं तर काय तारे, एकदम भारी. दोन मिनिटांनी कळलं की त्यातले खालचे तारे हलायलेत. आमच्या आधी निघालेल्या लोकांचे टॉर्च होते ते! तिथंच निम्मा जीव गेला. वर आणि एक आजी खेचर हाकत, टायरच्या चपला घालून शेजारनं निघून गेली, मी महागडं बूट घालून बघतच बसलो. त्या चपलांना ओहोता म्हणत्यात. खेचर भाड्यानं पण मिळतंय, लाजू नको.

ताराराणी_चौक
३ दिवसांचाच करा. २ दिवसांच्या टूरला पहाटे ३ ला हॉटेलवरून उचलतात, वाटेत पातापाम्पाची खिंड लागते ती ४९०० मीटरवर, झोपेतून उठून डोकं गरगरतं आणि त्याच दिवशी चालायला लावतात. त्यापेक्षा आरेकिपात आधी २ दिवस काढा, २३०० मीटरवर आहे, शरीराला सवय होते. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, तिथं प्यायला हरकत नाही पण पानं बॅगेत घालून परत आणू नका, इकडे कायद्यानं बंदी आहे.

आणि शहर नुसतं थांबा म्हणून बघू नका. पूर्ण जुना भाग सियार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचा. आपलं अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, तोही मूळचा ज्वालामुखीचाच, तरी किती वेगळं दिसतं ते तिथं गेल्यावर कळतं. २००० साली तो भाग जागतिक वारशात घेतलाय. मागं ५८२२ मीटरचा मिस्ती उभा असतो, तोही ज्वालामुखीच. २००१ च्या भूकंपात कॅथेड्रलचा एक मनोरा पडला होता, परत बांधला. सांता कातालिना मठाला अर्धा दिवस द्या, १५७९ चा आहे, आत गल्ल्याच गल्ल्या, एक गल्ली लाल, एक निळी. १९७० पर्यंत बाहेरच्यांना आत जाताच यायचं नाही, नन्स अजूनही एका भागात राहतात. मी तिथं एका काळ्या पडलेल्या चुलीपाशी बराच वेळ उभी होते, अगदी आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरासारखी.

एक महत्त्वाचं, यलो फीवरची लस. कोल्कासाठी गरज नाही, पण पेरू भारताच्या यलो फीवरवाल्या देशांच्या यादीत आहे, परत येताना लसीचं कार्ड नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. प्रवासाच्या १० दिवस आधी तरी घ्या.

भडंगवाला
शाकाहारी माणसानं "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हणू नये. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी बीफ वगैरे, चिकन त्यात धरत नाहीत बरेच जण. माझ्या टूरवाल्यानं व्हेज लिहून घेतलं होतं, खाली गेल्यावर सूपमध्ये कोंबडीचा पाय, आणि वर तोच मला समजवतोय की पाय बाजूला काढ. "सिन पोयो, सिन पेस्कादो" (चिकन नको, मासे नको) हे पण म्हणा. शहरात सोल्तेरितो मिळतं, चीज, मका, ऑलिव्ह घातलेली कोशिंबीरच म्हणा. रोकोतो मिरची दिसायला भोपळी मिरचीसारखी, पण आपली लवंगी बरी! केसो हेलादो नावाला चीज, आहे दुधाचं आइस्क्रीम, वरनं दालचिनी. खावाच.

गाईडची गरज नाही. वाट मळलेली आहे, आरेकिपातून काबानाकोंदेला साधी बस जाते. परदेशी माणसाला कोल्काचं तिकीट ७० सोलच्या (सोल म्हणजे तिथलं चलन) आसपास पडतं. कोन्डोर (तिथली मोठी गिधाडं) बघायला क्रूस देल कोन्डोर या पॉइंटला सकाळी थांबा, दरीतली हवा तापली की ती पंख न हलवता वर येतात, ३ मीटरचा पसारा. आपल्या घारी त्यांच्यापुढं चिमण्या.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
उलटा गड 😅 हे डोक्यातच नव्हतं आलं. ३ दिवस फिक्स, लस पुढच्या आठवड्यात. माझ्याकडं अमेरिकेचा व्हिसा आहे, मावसभावाकडं नाही, त्याला वेगळा काढावा लागेल ना? आणि खाली एटीएम असतं का?

कळंब्याचा_गडी
अमेरिकेचा किमान ६ महिने चालू असलेला व्हिसा असंल तर पेरूचा वेगळा लागत न्हाई, त्याला काढावाच लागंल. एटीएम? भावा, दरी हाय ती. सोल सुट्टे घेऊन जा, खेचरवाल्याला कार्ड दाखवून उपयोग न्हाई.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
बरं. आईनं २ किलो भडंग बांधायला काढलंय, ते वर येताना कुणाच्या पाठीवर असणार यावरनं आत्तापासनंच भांडण चालू आहे.