पाळीच्या नोकरीत प्रार्थनेचा नेम कसा टिकवावा?

प्रश्न (भुसावळ)

ख्रिस्तात सलाम. मी रेल्वेच्या रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे गाडीबरोबर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांत आहे. ड्युटीचा कॉल कधी रात्री अकराला येतो, कधी पहाटे तीनला, त्यामुळे पहाटे उठून प्रार्थना करावी हा आमच्या पाळकसाहेबांचा सल्ला योग्य असला तरी मला पाळता येत नाही. शिवाय वेळ मिळतो तेव्हा प्रार्थनेची नुसती यादी होते: मुलीची परीक्षा, आईचे गुडघे, बदलीचा अर्ज, आमेन. मन लागत नसताना केलेली प्रार्थना ढोंग ठरते काय?

उत्तर (धुळे, निवृत्त पाळक)

पहाटेच्या सल्ल्याला बायबलमधील मार्क १:३५ चा आधार आहे. परंतु लूक ६:१२ मध्ये प्रभू येशू डोंगरावर रात्रभर प्रार्थना करतो आणि दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. तेव्हा आपला नेम घड्याळाला न बांधता कामाला बांधावा: ड्युटीला निघताना बॅग भरून झाली की एकदा, आणि परत आल्यावर डबा मोरीत ठेवला की एकदा.

यादीविषयी थोडे सविस्तर लिहितो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याच्या विनंतीवरून प्रार्थनेची रीत लिहून दिली. प्रभूच्या, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील एकेक विनंती घ्यावी, तिच्यापाशी थांबावे आणि आपले म्हणणे तिच्या अनुषंगाने मांडावे, असे तो सांगतो. मत्तय ६ मध्ये भाकरीची विनंती येण्यापूर्वी देवाचे नाव, राज्य आणि इच्छा यांविषयीच्या तीन विनंत्या आहेत; आपल्या बदलीचा अर्ज त्या तिसरीखाली ठेवून पाहावा, म्हणजे मागण्याचा सूरच पालटतो. मन थंडावले की ल्यूथर स्वतः बायबलमधील स्तोत्रांचे पुस्तक घेऊन खोलीत जाई आणि दहा आज्ञा, विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरलेली कबुली), एखादे स्तोत्र लहान मुलासारखे शब्दशः म्हणे. त्याला ढोंग म्हणता येणार नाही.

उत्तर (नवापूर)

पाळकसाहेबांचा मान राखून लिहिते, की ठरलेल्या शब्दांची घोकंपट्टी व्हायला वेळ लागत नाही आणि मत्तय ६:७ त्याच धोक्याविषयी आहे. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया मावची बोलीत प्रार्थना करतात. पाऊस ओढ देतो तेव्हा त्या देवाशी चक्क भांडतात. स्तोत्र १३ सहाच वचनांचे आहे, तेही "किती वेळ?" याच तक्रारीने सुरू होते, आणि ८८ वे तर अंधारातच संपते. दादा, बदली होत नाही याचा राग असेल, तर तोही बोलून टाकावा.

उत्तर (धुळे, निवृत्त पाळक)

ताईंचे म्हणणे रास्त आहे. ल्यूथरही म्हणतो की मनात चांगले विचार दाटून आले तर बाकीच्या विनंत्या सोडून द्याव्यात आणि ऐकत राहावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. गाडीवर असताना काय करावे? रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, तर एकांत मिळतच नाही.

उत्तर (धुळे, निवृत्त पाळक)

गाडीवर डोळे मिटू नयेत. मन दुसरीकडे ठेवणारा न्हावी गिऱ्हाईकाचे नाक कापील, असे ल्यूथरनेच लिहिले आहे. तेथे सिग्नल पाहणे हेच आपले काम. रनिंग रूममध्ये पांघरूण घेऊन मनातल्या मनात स्तोत्र म्हणता येते. १३४ वे तीन वचनांचे आहे आणि रात्री परमेश्वराच्या मंदिरात सेवेला उभे राहणाऱ्यांसाठी आहे. तेच आधी पाठ करावे. तेच स्तोत्र वहिनींनी घरी मुलीला घेऊन झोपण्यापूर्वी म्हणावे, म्हणजे आपण ड्युटीवर असलात तरी कौटुंबिक प्रार्थना मोडणार नाही.