निर्वाणाच्या ‘लव्ह बझ’ची १९८८ची मूळ तबकडी कशी ओळखावी?

चंदेरी_सुई: निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचं पहिलं सिंगल ‘लव्ह बझ’, सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने नोव्हेंबर १९८८ मध्ये काढलेली सात इंची तबकडी, परदेशातला एक विक्रेता विकतोय. कंपनीच्या सिंगल्स क्लबची, म्हणजे वर्गणीदारांना सिंगल्स पाठवणाऱ्या योजनेची, ती पहिलीच तबकडी, आणि हजार प्रतींवर हाताने क्रमांक घातले होते, एवढं माहीत आहे. पैसे पाठवण्याआधी कोणते फोटो मागू? आणि बँडच्या पहिल्या अल्बमची, ‘ब्लीच’ची, रेकॉर्ड घरात असताना हे वेगळं घेण्यात अर्थ आहे का?

खरखर: सर्वात आधी रनआउटचा फोटो मागा, म्हणजे शेवटची खाच संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो त्याचा. पहिल्या बाजूला तिथे हाताने कोरलेलं इंग्रजी वाक्य आहे: ‘व्हाय डोन्ट यू ट्रेड दोज गिटार्स फॉर शॉवेल्स?’ टॉर्च तिरपा धरायला सांगा. समोरून फ्लॅश मारला की नुसती चमक येते, अक्षरं दिसत नाहीत. अक्षरं आहेत म्हणजे प्रत खरीच असं नाही, नक्कल करणाराही ती कोरू शकतो. पण नसतील तर विषय तिथेच संपवा.

मग क्रमांक, अगदी जवळून. पेनाची शाई सलग दिसते, कागदात थोडी मुरलेली असते. छापलेला आकडा भिंगाखाली ठिपक्यांचा निघतो. बनावट कव्हर बहुतेक वेळा छापील कव्हरच स्कॅन करून बनवतात, म्हणून ठिपक्यांवर ठिपके बसून फोटोत जाळी उमटते आणि बारीक अक्षरांच्या कडा फुगतात.

गायक-गिटारवादक कर्ट कोबेनचं नाव मात्र ‘के यू आर डी टी’ आणि आडनाव ‘के’ने लिहिलेलं दिसेल. मूळ प्रतीतच तसं आहे, त्यावरून प्रत बनावट ठरवू नका.

उलटी_बाजू: वेगळं घेण्यात नक्की अर्थ आहे. सिंगलच्या सुरुवातीला कोबेनने जुळवलेला आवाजांचा छोटा कोलाज आहे, साधारण दहा सेकंदांचा. ‘ब्लीच’वर तो काढून टाकलाय आणि मिक्सही वेगळं आहे. ध्वनिमुद्रण दोन्हींचं सिअ‍ॅटलच्या रेसिप्रोकल स्टुडिओतलं, जॅक एंडिनो या निर्मात्याकडचंच. मूळ गाणं शॉकिंग ब्लू या डच बँडचं, १९६९चं. निर्वाणाच्या आवृत्तीत बासवादक नोव्होसेलिचचा बास एकच वळसा घेत राहतो आणि गिटार त्याच्याभोवती विस्कटत जाते. माझ्या मते या बँडची पहिली खरी ओळख तिथे होते.

तुमची ‘ब्लीच’ मूळ ब्रिटिश आवृत्ती असेल तर तिच्यावर हे गाणंच नाही. त्या जागी ‘बिग चीज’ आहे, जे या सिंगलच्या दुसऱ्या बाजूला आहे.

चंदेरी_सुई: फोटो मागवलेत. पाठवणीबद्दल काही?

खरखर: तबकडी कव्हरबाहेर काढून, आतल्या साध्या कागदी पाकिटात ठेवून, कव्हरच्या मागे लावायला सांगा. आत राहिली तर वाटेत आदळून तिची कड कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना पुठ्ठा हवा, आणि दोन पुठ्ठ्यांच्या रेषा एकमेकींना आडव्या, नाहीतर पार्सल एकाच रेषेत मोडतं.

आल्यावर पीव्हीसीचं पाकीट वापरू नका. दमट हवेत त्यातला मऊपणा आणणारा घटक तबकडीवर चढतो, धुरकट डाग पडतो आणि तो धुऊनही जात नाही. पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. तबकडी उभी ठेवा, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकून नको.