आहाराची पाकिटे वाटण्याआधी आईचे ताट बघा: गोव्यात पोषणाचा अभ्यास गावोगाव व्हायला हवा की नको?

कुळागर
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे गोव्याचे आकडे पुन्हा मांडतो, कारण त्यावर आपल्याकडे व्हायला हवी तेवढी बोंब झालीच नाही. २०१५-१६ मध्ये गरोदर बायकांपैकी २६.७ टक्क्यांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो ४१ टक्के निघाला. पाच वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २०.१ वरून २५.८ टक्क्यांवर गेले. याच काळात देशाचा आकडा ३८.४ वरून ३५.५ वर उतरला. देश हळूहळू का होईना सुधारत होता आणि आपण मागे जात होतो. तेही अशा राज्यात, जिथे जवळपास सगळी बाळंतपणे इस्पितळात होतात.

इस्पितळ आहे, रस्ता आहे, वाड्यावर अंगणवाडी आहे, लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. मग अडते कुठे? माझ्या मते, आई प्रत्यक्षात काय खाते हे तिला कुणी नीट विचारलेलेच नाही. काल काय जेवलीस म्हटले की उत्तर येते, ‘पेज, मग शीत-हुमण’, म्हणजे भात आणि माशाची आमटी. कागदावर नोंद होते की बाईने मासे खाल्ले. पण हुमणातली फोड कुणाच्या ताटात गेली, एवढे पुढे विचारा. घोवाला गेली, मुलांना गेली, तिच्या शितावर नुसता रोस. हा एक प्रश्न वाढवला की अख्खी नोंद बदलते.

म्हणून म्हणतो, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतली काही गावे घ्या आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांचे ताट वर्षभर नोंदवा. वर्षभर अशासाठी की जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, मासळी महागते आणि त्याच दिवसांत तायकिळा, तेरे, अळू ही पावसाळी भाजी फुकट उगवते. एप्रिलचे ताट बघून जुलैचे सांगता येत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम इस्पितळाच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून असेच काम केले. पालेभाजी, फळे, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळे अंगाने मोठी निघाली, हे तिथून कळले. गोव्यात का होऊ नये?

खांडेपार
कुळागर बाब, अजून किती अभ्यास? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. गरोदर बाईला डाळ, अंडे, दूध, मासे, पालेभाजी लागते हे माझ्या आजीला शाळेत न जाता माहीत होते. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा झाला तेव्हाच त्यात लिहिले होते की गरोदर बाईला दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, शक्यतो गावातली महिला मंडळे आणि स्वयंसहाय्य गट यांच्यामार्फत खर्च करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते. ज्ञानाची टंचाई कुठेच नाही, टंचाई कामाची आहे.

अभ्यासाचे काय होते तेही बघितले आहे. गाडी येते, बायकांचे दंड मोजतात, शोधनिबंध छापून येतो, कुणाला तरी बढती मिळते. तेवढ्याच पैशात रोज एक अंडे द्या. सहा ग्रॅम प्रथिने थेट पोटात जातील.

आणि आकडे. त्या पाचव्या फेरीत गोव्यात दोन हजारांच्या आसपास बायकांशी बोलले. त्यांतल्या त्या वेळी गरोदर किती असतील, तुम्हीच हिशेब करा. एवढ्याशा संख्येवर २६ चे ४१ झाले म्हणून छाती बडवायची?

मांडवीकाठ
मला दोन्ही पटत नाही. २०१८ ला खाणी पुन्हा बंद पडल्या, त्यावर कोविड आला. हातात पैसा नव्हता, एवढे साधे कारण आहे. शिवाय आपली मुले अंगकाठीने लहानच असतात, त्यांना वाढीचे परदेशी तक्ते लावून खुजी ठरवायचे हेही बरोबर नाही.

कुळागर
कोविड बाजूला ठेवा. गोव्यातली पाहणी टाळेबंदीच्या आधीच आटोपली होती. खाणींचे म्हणणे खरे असू शकते, पण ते दाखवायलाही खाणपट्ट्यातली घरे आणि किनाऱ्यावरची घरे वेगवेगळी मोजावी लागतील. आणि तक्ते निव्वळ परदेशी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये ते काढले तेव्हा सहा देशांतली मुले घेतली होती आणि त्यांत दक्षिण दिल्लीतली मुलेही होती. पोटभर खाणारी, आईच्या दुधावर वाढलेली दिल्लीची मुले नॉर्वेच्या मुलांच्या जवळपास तशीच वाढली. अंगकाठी घराण्याने येते तेवढीच ती ताटातूनही येते.

खांडेपार बाब, संख्या लहान आहे हे मान्य. पण आकडा कच्चा आहे म्हणून मोजणेच नको, हे कसे? कच्चा आहे म्हणूनच पक्का करू या.

वाड्यावरची सेविका
मी अंगणवाडी सेविका आहे, म्हणून राहवले नाही. मोजणे मोजणे म्हणता, ते मोजतो कोण?

दोन वर्षांखालच्या मुलाची उंची उभी घेत नाहीत, फळीवर आडवे निजवून घेतात. त्याला दोन माणसे लागतात. एकीने डोके वरच्या फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी टाचांना लावायची. मूल रडते, पाय पोटाशी घेते. मदतनीस रजेवर असली की मी एकटीच. एक-दीड सेंटीमीटर इकडचे तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यावर मूल कागदावर खुजे ठरते, नाहीतर खरोखर खुजे असलेले सुटून जाते.

त्यात फोन. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर बाईचा चेहरा जुळवायचा. आमच्या वाड्यावर रेंज धड नाही. सातव्या महिन्यातली बाई उन्हात उभी, मी फोन हातात धरून कधी फणसाखाली, कधी देवळापाशी. तो वेळ मी तिच्याशी बोलण्यात घालवला असता. गोळी खाल्ली की नाही, कशाबरोबर खाल्ली, मळमळते का, हे विचारले असते.

अभ्यास जरूर करा. पण मोजायला शिकलेली, पगारी, वेगळी माणसे आणा. आमच्या गळ्यात आणखी एक वही नको.

खांडेपार
ताई, तुम्ही माझेच म्हणणे मांडलेत.

वाड्यावरची सेविका
नाही हो. तुम्ही अभ्यास नको म्हणता, मी तो आमच्यावर ढकलू नका म्हणते. फरक आहे.

सूक्ष्मदर्शक
मी रक्त तपासण्याच्या कामात आहे. रक्तक्षयाच्या आकड्याबद्दल एक गोष्ट इथे यायलाच हवी. या पाहणीत बोटाला टोचून एक थेंब घेतात. बोट जोरात दाबले की रक्तात ऊतींतले पाणी मिसळते आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मुलांचे शिरेतून रक्त घेतले, तेव्हा देशभरातल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के निघाला. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांचा आकडा ६७ टक्के होता. वयोगट थोडा वेगळा आहे, तरी एवढी तफावत नुसत्या वयाने येत नाही. तेव्हा खांडेपारांची शंका रास्त आहे.

पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. रक्तक्षय म्हणजे दर वेळी लोहाची कमतरता नव्हे. बी-१२ कमी असते, फोलेट कमी असते, जंत असतात, थॅलसेमियाचा वाहकही सापडतो. सगळ्यांना तीच ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस द्यायची आणि रक्त वाढले नाही की बाईलाच दोष द्यायचा, ‘तू गोळी घेतली नसशील.’ काही जणी खरेच घेत नाहीत. काही जणी चहाबरोबर घेतात, कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतात, मग लोह अंगाला कमीच लागते. आणि काही जणींना मुळात लोहाची गरजच नसते. यांतल्या किती जणी कुठल्या, हे गोव्यापुरते कळले तर गोळीचा उपयोग होईल.

वेर्णेकर
सत्तरी-सांग्याचे ताट नोंदवणार, छान. वेर्णे आणि कुंडई इथल्या औद्योगिक वसाहतींच्या मागच्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांचे काय? बिहार, ओडिशा, कर्नाटकातून आलेल्या. एका खोलीत चार-पाच माणसे, एक शेगडी, दर काही महिन्यांनी जागा बदलते. त्यांतल्या कितीजणींची नोंद अंगणवाडीत असते?

आणि ते नाचण्याचे तिजण, उकड्या तांदळाची पेज, तांबडी भाजी हे कौतुक मलाही आवडते. पण आज नाचणी किती जण पेरतात? डोंगरावरची कुमेरी, म्हणजे फिरती शेती, गेली, तिच्याबरोबर नाचणीही गेली. दुकानात नाचणीचे पीठ तांदळाहून महाग. जे घरात येतच नाही ते खा म्हणून फलक लावायचा, ही कसली पोषणाची शिकवण?

कुळागर
वेर्णेकर, तुमचा पहिला मुद्दा माझ्या पोस्टमध्येच असायला हवा होता. गावे निवडताना या खोल्याही धरल्या पाहिजेत, नाहीतर गोव्यात वाढणारी मुले मोजलीच नाहीत असे होईल. नाचणीचेही तसेच. काय मिळते, कितीला मिळते आणि कोण आणते, हे नोंदीत आले तर फलकावर काय लिहायचे ते ठरेल.

म्हापसेकरीण
सगळे ताटातल्या पदार्थांवरच बोलताहेत. जेवायची इच्छा नसलेल्या आईचे काय?

हा अभ्यास आपल्याच गोव्यात झालेला आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आलेल्या आयांचा मागोवा घेतला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांत नैराश्य आढळले. २००३ मध्ये छापलेल्या निबंधात पुढचे आहे. अशा आयांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात खूपच कमी भरण्याचे प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून जास्त होते. उंचीचेही तसेच. मुलगी झाली म्हणून बोलणी खाणे, नवऱ्याचा मार, पैशाची ओढाताण ही त्यामागची कारणेही नोंदली गेली. त्यांच्या संगाथ संस्थेने पुढे इथल्याच साध्या बायकांना शिकवून गरोदर मातांच्या घरी पाठवण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले.

बाळंतिणीला मेथीची पेज करून घालतो आणि झोप लागते का, रडू येते का, हे विचारत नाही. मला स्वतःला कुणी विचारले नव्हते. अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यावर आईसाठी दोन प्रश्न वाढले तर बाळाचे वजन का चढत नाही ते लवकर कळेल. आजीला माहीत होते म्हणणाऱ्या खांडेपारांना विचारते, हे आजीला माहीत होते का?

खांडेपार
ताई, नव्हते. हा अभ्यास उपयोगाचा आहे, मी नाकारत नाही. पण बघा, २००३ चा आहे. तेव्हा कळलेले अजून तक्त्यावर आलेले नाही, असे तुम्हीच म्हणता. मग नवा अभ्यास करून तो कुठल्या कपाटात ठेवायचा?

आणि कुळागर बाब, तुम्ही पुण्याचे सांगितलेत, मुंबईचे का नाही सांगितलेत? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साडेसहा हजार बायकांवर प्रयोग झाला. ‘सारस’ म्हणतात त्याला. पालेभाजी, फळे, दूध घालून केलेला खाऊ रोज, गर्भ राहण्याच्या आधीपासून. निकाल काय? सगळ्यांचा हिशेब केला तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. तुमचाच अभ्यास माझ्या बाजूने बोलतो.

कुळागर
‘सारस’चा निकाल पुरता सांगा. ज्या बायकांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. शिवाय गरोदरपणातला मधुमेह खाऊ खाणाऱ्या गटात ७ टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्या गटात १२ टक्क्यांच्या आसपास राहिला. गोव्यात मधुमेह घरोघरी आहे, हे वेगळे सांगायला नको.

खांडेपार
४८ ग्रॅम! एवढी वर्षे, एवढी माणसे, आणि हाती लिंबाएवढे वजन.

कुळागर
वजन लहान आहे, पण त्यातून कळले ते मोठे आहे. हा प्रयोग झाला नसता तर पाचव्या महिन्यापासून खाऊ वाटून आपण हात झटकले असते. उशीर होतो, हे त्यातून समजले. आपल्याकडे बाईची नोंद होते ती गर्भ राहिल्यावर. पहिले तीन महिने कुणाला सांगायचे नाही म्हणून ती बहुतेकदा चौथ्यात येते. म्हणजे खाऊ जिला लागू पडतो, ती बाई आपल्या यादीत नसतेच. नव्याने लग्न झालेली, कदम्ब बसने रोज पणजीला कामाला जाणारी, सकाळी चहा-पाव आणि दुपारी भजी-पाव खाणारी मुलगी. तिच्यापर्यंत कसे पोचायचे हे मुंबईच्या अभ्यासात नाही. पुण्याच्याही नाही.

खांडेपार
तर मग पोचा! उच्च माध्यमिक शाळांत मुलींना आठवड्यातून तीन दिवस अंडे, कडधान्याची उसळ, एक फळ सुरू करा. अळसांदे, मूग, कुळीथ सगळे बाजारात आहे. याला अभ्यास कशाला लागतो?

सूक्ष्मदर्शक
सुरू कराच. फक्त निम्म्या शाळांत आधी आणि निम्म्यांत वर्षभराने करा, दोन्हीकडे सुरुवातीला आणि शेवटी शिरेतले रक्त तपासा. खाऊही मिळेल आणि उत्तरही. पैसा एकाच वेळी सगळीकडे पुरत नसतो, तेव्हा कुठे आधी द्यायचे ते तरी चिठ्ठ्या टाकून ठरवा.

वाड्यावरची सेविका
रक्ताचा विषय निघाला म्हणून सांगते. मागे आमच्या वाड्यावर एक पथक येऊन बायकांचे रक्त घेऊन गेले. रिपोर्ट कुणालाच मिळाला नाही. त्या बायका मला अजून विचारतात. आता दुसरे कोणी आले तर दार उघडतील की नाही, मी खात्री देऊ शकत नाही.

कुळागर
ही अट पहिली असली पाहिजे. ज्याचे रक्त, त्याच्या हातात रिपोर्ट, मराठी-कोकणीत समजावून. आणि गावाचा निकाल गावाच्या आरोग्य व पोषण समितीत वाचून दाखवायचा, छापायला पाठवण्याच्या आधी.

खांडेपार
हे लिहून द्या, आणि अंडे अभ्यासासाठी थांबणार नाही हेही लिहून द्या. मग आमच्या ग्रामसभेत मी विरोध करणार नाही. निम्म्या शाळांना वर्षभर थांबवणे मात्र मला मान्य नाही. त्या मुलींना थांबायला सांगायला कोण जाणार?

सूक्ष्मदर्शक
आज सगळ्याच थांबलेल्या आहेत, बाब.