आरोग्य केंद्राचे १.७५ लाख: रक्कम वाढवा, की आधी वेळेवर द्या?

माणदेशी
राष्ट्रीय आरोग्य अभियानातून प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला १ लाख ७५ हजार रुपये मिळतात. मुळात हे तीन वेगळे तुकडे होते: २५ हजार अबंधित (गरजेप्रमाणे खर्चायचे), ५० हजार देखभालीचे आणि १ लाख रुग्ण कल्याण समितीचे, म्हणजे केंद्राचा निधी सांभाळणाऱ्या स्थानिक समितीचे. पुढे ते एकत्र झाले, पण बेरीज तीच राहिली. ३० हजार लोकसंख्येच्या केंद्राला हे माणशी वर्षाला ६ रुपयेही पडत नाहीत. महिन्याचे होतात १४,५८३.

आता फक्त डिझेल बघा. प्रसूतिगृहातला रेडियंट वॉर्मर (नवजात बाळाला ऊब देणारे यंत्र) ६०० वॅटच्या आसपास खेचतो. १५० एएचच्या एका बॅटरीवर तो दोन-अडीच तासही धड चालत नाही, म्हणून जनरेटर लागतोच. ताशी दीड लिटर, रोज दोन तास भारनियमन, लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला ८,१०० रुपये होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम नुसत्या विजेवर जाते. मग प्लंबर, टाकीची सफाई, बॅटरी, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्याचे बिल कशातून द्यायचे?

त्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य संस्थांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय योग्यच आहे, पण केसपेपरमधून समितीकडे येणारी सुटी रक्कम बंद झाली आणि तिची भरपाई निधीत दिसत नाही. माझी मागणी साधी आहे: रक्कम निदान दुप्पट करा.

लेखाशीर्ष
माणदेशी, तुमचा डिझेलचा हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. आहेत तेच पैसे पूर्ण खर्ची पडत नाहीत. दुप्पट केले तर दुप्पट परत जातील.

पैसे कुठे अडतात ते सांगतो. २०२१ पासून केंद्राच्या खात्यात रक्कम जमा होत नाही. खाते शून्य शिलकेचे, वरून फक्त खर्चाची मर्यादा येते. ती पावसाळ्यानंतर, कधी जानेवारीत येते आणि न वापरलेली मार्चअखेर संपते. त्या दोन महिन्यांत समितीची सभा, ठराव, तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंदवहीत नोंद, मग देयक. पुरवठादाराची पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) नोंद नसेल तर तिथेच आठवडा जातो, आणि गावातला वायरमन किंवा गवंडी तिथे नोंदलेला नसतोच. पेमेंट अॅडव्हाइसवर (बँकेला पैसे देण्याच्या सूचनापत्रावर) दोन सह्या लागतात, तिची मुदत टळली की ती बाद. वैद्यकीय अधिकारी बंधपत्रित (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेवर) असेल तर वर्षभरात बदलतो. नव्या सहीची बँकेत नोंद होईपर्यंत व्यवहार ठप्प.

मग मार्चमध्ये काय घेतले जाते? खुर्च्या, कपाटे, पडदे. लवकर मिळतात, एका बिलात बसतात. गळकी पाइपलाइन तशीच राहते, कारण त्या कामाला पंधरा दिवस लागतात.

गोदाकाठ
दोघांचेही खरे, पण मूळ अन्याय वाटपात आहे. महिन्याला ४० प्रसूती करणाऱ्या केंद्राला १.७५ लाख आणि दोन प्रसूती करणाऱ्यालाही १.७५ लाख? अभियानाच्या नियमांत एकूण रक्कम तीच ठेवून रुग्णसंख्येनुसार कमी-जास्त वाटपाची मुभा आहे. जिल्ह्याने ती वापरावी. त्याला नवा निधी लागत नाही, नुसता निर्णय लागतो.

कामाला पैसे जोडले की फरक पडतो हे कायाकल्प या सरकारी बक्षीस योजनेत दिसते. स्वच्छता आणि जंतुसंसर्ग नियंत्रणात ७० टक्क्यांपुढे गेलेल्या केंद्राला ५० हजार, जिल्ह्यात पहिल्याला २ लाख. म्हणजे पहिल्याचे बक्षीसच वर्षाच्या अबंधित निधीपेक्षा मोठे.

सातपुडा
गोदाकाठ, रुग्णसंख्येवर वाटप म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, भामरागडसारख्या दुर्गम आदिवासी भागांतल्या केंद्रांचे पैसे कापणे. तिथे निकषच २० हजार लोकसंख्येचा आहे, वस्त्या विखुरलेल्या, रस्ता पावसात बंद. ओपीडी कमी दिसते ती गरज कमी म्हणून नव्हे. प्रसूती दोन झाल्या तरी प्रसूतिगृह चोवीस तास सज्ज ठेवावे लागते, लसींचे शीतकपाट म्हणजे आयएलआर वर्षभर २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. हा खर्च रुग्ण मोजून कमी होत नाही. उलट दुर्गम भागात दुरुस्तीवाला यायचेच जास्त घेतो.

कायाकल्पचेही तेच. इमारत धड असलेले केंद्र ७० टक्के गाठते. ज्याचे छत गळते त्याला ते गाठायला आधी पैसे हवेत.

कचऱ्याचा मुद्दा माणदेशींनी ओझरता काढला, तो मोठा आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. संकलनाची गाडी डोंगरात आठवड्यातून एकदा आली तरी नशीब. कचरा पुरायच्या खोल खड्ड्याला परवानगी मिळते, पण तो बांधायचा, कुंपण घालायचे, वर चुना-माती टाकत राहायची. खर्च याच निधीतून.

गोदाकाठ
म्हणून एक मूळ रक्कम सर्वांना ठेवू. १ लाख सर्वांना समान, दुर्गम केंद्रांना त्यावर ठरावीक भत्ता, उरलेले प्रसूती आणि आंतररुग्णांवर. ग्रामीण रुग्णालयांना जनआरोग्य योजनेच्या (सरकारी आरोग्य विम्याच्या) दाव्यांतून थोडे तरी उत्पन्न होते. सहा खाटांच्या प्राथमिक केंद्राला तो मार्ग जवळजवळ नाहीच.

सातपुडा
१ लाख म्हणजे ७५ हजारांची कपात. भत्त्याचा आकडा आधी सांगा. तो कागदावर येईपर्यंत माझा विरोध कायम.

माणदेशी
लेखाशीर्ष, पैसे परत जातात म्हणून ते पुरेसे आहेत, हे पटत नाही. एप्रिल ते डिसेंबर जनरेटर उधारीवर चालतो आणि परिचारिका हातमोजे पुरवून वापरतात. नऊ महिने भूक आणि मार्चमध्ये अजीर्ण, याला बचत म्हणत नाहीत.

१५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आरोग्याला ७०,०५१ कोटी ठेवले. त्यातून इमारती झाल्या, चांगले झाले. पण प्रत्येक नवी इमारत वीज, पाणी आणि सफाईचे बिल घेऊन येते आणि ते फेडणारी रक्कम जुनीच.

लेखाशीर्ष
मग दोन गोष्टी मागा, वाद नको. पहिली, निम्मी मर्यादा एप्रिलमध्येच खुली करा. मागच्या वर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्चले याचा दाखला) बाकी असले तरी. दुसरी, वीज, डिझेल आणि कचरा संकलन या निधीतून काढून जिल्हा परिषदेच्या नियमित अंदाजपत्रकात वेगळ्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) घ्या. दर महिन्याला ठरलेल्या खर्चाला समितीचा ठराव कशाला हवा?

आणि केंद्रांनीही एक करावे. एप्रिलच्या सभेतच वर्षभराच्या कामांचा ठराव आणि दरपत्रके घेऊन ठेवा. वायरमन, गवंडी, प्लंबर यांची पीएफएमएस नोंद तेव्हाच करा. मर्यादा आली की फक्त आदेश काढायचा राहतो. एकच काम तीन बिलांत तोडू नका, लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्यावरच येतो. बाळंतिणीचा आहार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या लेखाशीर्षातून होतो, तो इथे टाकलात तर दुसरा.

सातपुडा
पहिल्या मागणीला पूर्ण पाठिंबा. दुसरीत एक अडचण आहे: जिल्हा परिषदेचे वीजबिल आजच थकते. ते खाते तिकडे गेले आणि जोडणी तोडली, तर आयएलआरमधल्या लसींची जबाबदारी कोणाची, हे आदेशात लिहून घ्या.