मॅच जिंकल्यावरचं शहर: तुमचे अनुभव

उंबरठा:
चपलांचं कपाट आवरताना डाव्या पायाची एकटी सँडल सापडली. उजवी ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमच्या परेडला राहिली. ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगून निघाले होते. चर्चगेटला उतरले आणि पुढे मी चाललेच नाही, गर्दीनेच समुद्रापर्यंत नेऊन सोडलं. टीमची बस आली तोवर अंधार. रोहित दिसला का विचारू नका, मला पुढच्या माणसाची छत्री दिसली. पण मुंगी शिरणार नाही अशा गर्दीत अँब्युलन्सला वाट झाली, तेव्हा काटा आला अंगावर. परतताना लोकलमध्ये माझा एक पाय अनवाणी, समोरच्या बाईचे दोन्ही. बोरिवलीपर्यंत नुसत्या हसत होतो. तुमचंही सांगा.

रात्रपाळी:
२ एप्रिल २०११, वर्ल्ड कपची फायनल. माझी ड्यूटी आठला सुटायची, पण वॉर्डातल्या टीव्हीपुढून हलतंय कोण! सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेला, सचिन १८ वर. सात नंबरच्या आजोबांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं, "हरले की सांग." धोनीच्या सिक्सला मी त्यांना गदागदा हलवलं. पहिला प्रश्न, "गंभीरची सेंच्युरी झाली?" ९७ म्हटल्यावर परत भिंतीकडे तोंड.

तिखटमीठ:
😂😂 बीपी कोणाचं बघत होतात, त्यांचं की स्वतःचं?

गुलालवाडी:
२००७ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप कोणीच नाही? २५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, २६ ला धोनीची टीम एअरपोर्टवरून वानखेडेला. विसर्जन करून पहाटे घरी आलो होतो. आंघोळीला निघालो तर बाबा म्हणाले, "गुलाल राहू दे, आजही लागणार आहे." वर पाऊस. शर्ट अजून गुलाबी आहे, आई त्याने फ्रिज पुसते.

उंबरठा:
आई लोकांना इतिहासाची काही किंमत नाही 😄

नेरूळकर:
सगळे पुरुषांच्याच टीमबद्दल लिहिताय म्हणून. २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला वर्ल्ड कपची फायनल. पावसाने मॅचच दोन तास उशिरा सुरू. लेक अकरा वर्षांची, दुसऱ्या दिवशी शाळा. मागच्या रांगेतल्या काकांना तीच दीप्तीच्या विकेटी मोजून सांगत होती. हरमनने मागे पळत शेवटचा कॅच घेतला तेव्हा बारा वाजून गेलेले. बाहेर रस्त्यावर अनोळखी बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या, मीही दोघीतिघींना मारली. रिक्षावाल्याने लेकीच्या जर्सीवरचा १८ नंबर बघून विचारलं, "विराट का?" ती झोपेतच, "स्मृती."

तिखटमीठ:
वा! शाळेत गेली का मग?

नेरूळकर:
छे. मीच उठले नाही.

झाडूवाला भाऊ:
उंबरठाताई, तुमची उजवी सँडल आमच्याच गाडीत गेली असणार. त्या रात्री सकाळपर्यंत चपलाच उचलत होतो. मॅच मोबाइलवर ऐकलेली, परेड बघायची राहिली. पण लोक पाण्याच्या बाटल्या हातात देत होते, एकाने झेंडा दिला. तो घरी आहे. चपला मात्र पुढच्या वेळी बांधून या 🙏

उंबरठा:
भाऊ, कान धरते. बूट घालून येईन.

पावशेर:
डावी कितव्या नंबरची? आमच्या हिची पण डावीच हरवलीय, परेडला नाही, लग्नात.

उंबरठा:
पाच. रात्रपाळी, आजोबांचं पुढे काय झालं?

रात्रपाळी:
सोमवारी, पाडव्यालाच डिस्चार्ज. पेढे वाटले सगळ्यांना. लिफ्टचं दार बंद होताना म्हणाले, "पण गंभीरला पुढे येऊन मारायची काय घाई होती?"